दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

प्रिय कोलमन,

तुझी फुलं पोचली. शेजारच्या पेगीनकाकूंनी ती बाबांच्या कबरीवर ठेवली आणि म्हणाल्या, मेलबर्नहून फुलं येतात, पोरगा येत नाही. 

जूनमध्ये बाबांचा आवाज बसू लागला. डब्लिनच्या नाटकांत शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तो आवाज, पुढे गावी चुलीपाशी गोष्टी सांगतानाही कधी कमी पडला नव्हता. एका दुपारी म्हणाले, माणसं बोलाव, नावाड्याच्या बायकोची गोष्ट सांगायची आहे. उन्हाळ्यात, तेही दिवसा. मोठ्या गोष्टी हिवाळ्यातल्या रात्रींच्या. सूर्य वर असताना मोठी गोष्ट सांगितली तर घराला बाधतं, हे आपल्याला त्यांनीच शिकवलेलं. येता हिवाळा त्यांना स्वतःला दिसणार नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

माझ्यासारख्या नाटकांची प्रकाशयोजना करणाऱ्या बाईला अंधारही करता येतो. मी नाटकाचं काळं कापड खिडक्यांवर ठोकलं, फटी चिकटपट्टीने बुजवल्या. पेगीनकाकू दारातच अडल्या आणि बाबांना म्हणाल्या, "डोनल, देव काय कापडाला फसतो?"

"जन्मभर प्रेक्षक फसले. त्याचंही बघू."

गोष्ट नीट चालली होती. मध्यरात्री टकटक होते, बायको दार उघडते, तिथे ते थांबले आणि तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. लहानपणापासून तिथलं पुढचं वाक्य म्हणायचं ते तू. नाटकात त्यांच्या श्वासावर दिवे बदलायची मला सवय आहे. हे विसरणं नव्हतं. तरी ते थांबणं मला सोसेना. मी हळूच वाक्य सुचवू लागले, तसा त्यांनी हात वर केला.

"ते त्याचं आहे. गॉलवेला मी थांबलो नाही."

गॉलवेच्या प्रयोगात तू अडखळलास, त्यांनी तुझं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं, लोक हसले आणि तू देश सोडलास. त्याबद्दल ते कधीच बोलले नव्हते. त्या दुपारी मात्र चुलीतला जाळ बसेपर्यंत ते थांबले. मग माणसं टोप्या उचलून गेली; गोष्ट तिथेच राहिली.

नोव्हेंबर लागला की ती माणसं सवयीने गोष्टी ऐकायला परत येतील. पुढचं वाक्य मला पाठ आहे, पेगीनकाकूंनाही. आमच्यापैकी कोणी ते म्हणणार नाही. कापड मी अजून काढलेलं नाही. तू भर दुपारी आलास तरी घरात अंधार असेल.

तुझी बहीण,
सोरखा