नळीतल्या राणीचा निकाल लागेपर्यंत

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, वय पन्नाशीच्या आत, उद्या हृदयाच्या ऑपरेशनला जात आहे. डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे, कोणी माझे कान भरलेले नाहीत. परमेश्वराला स्मरून हे स्वहस्ते लिहीत आहे.

१. राहते घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसह, माझ्यामागे पत्नीचे. "मूलबाळ नाही, म्हणजे घर फिरून आमच्याकडेच यायचं," असे वहिनी जेवता जेवता म्हणाल्या. येणार नाही.

२. बँकेतली ठेवही पत्नीची. पाने, पेचकस, तेलाची बुधली आणि भिंग दुकानातल्या जोडीदाराला. मात्र भिंग पुढच्या कलमातले काम उरकल्यावर.

३. कपाटात काळ्या फडक्यात काचेची नळी आहे. तीत दुकानाच्या उंबऱ्यावर सापडलेली मुंग्यांची राणी आहे. ती पत्नीने सांभाळावी. ("राणी तुमची, उस्तवार माझी," असे ती म्हणालीच आहे.) कापसामागे पाणी आहे, खाणे सध्या लागत नाही. सारखे फडके काढू नये; राणी बिथरून स्वतःचीच अंडी खाते. दादा, हे तुला आहे.

गाय फळली म्हणतात, तशी ही फळली आहे का, हे दिसण्यावरून कळत नाही. दादा म्हणाला, "पंख गळलेत, म्हणजे फळली." न फळताही पंख गळतात. अंडी दिसली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "झालं की भावोजी, पाळणा आणा!" अंडी न फळलेली राणीही घालते, त्यांतून फक्त पंखवाले नर निघतात. बारीक, बिनपंखी कामकरी मुंग्या निघाल्या, तरच ती फळलेली. तोवर नळी कोणी फेकू नये.

परवा फडके काढून भिंगातून बघताना आधीची अंडी दिसली नाहीत, तेव्हा दादा म्हणाला, "रिकामीच दिसतेय रे." याच घरात हाच शब्द माझ्या पत्नीला लावला गेला. तेव्हा तिने सगळ्यांपुढे चहा ठेवला आणि आत गेली. दोष कोणाचा, हे आम्ही दोघांनी तपासले नाही. ते देवाकडे ठेवले. नरच भेटला नसेल, तर राणीकडे बोट का दाखवावे? माझ्यामागे हा शब्द जो उच्चारील, त्याला पत्नीने दार दाखवावे. दार तिचेच आहे.

४. दादाला यातून काही मिळत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून तोच बरा, असे वकील म्हणाले. सही करण्याआधी त्याने विचारले, "आणि सगळे नरच निघाले तर?"

"तर नर निघाले. घर हिचंच."

त्याने पेनाचे टोपण काढले. मग म्हणाला, "सही कुठे करू?"

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार: थोरला भाऊ; शेजारचे कंपाउंडर
ठिकाण: दुकानाची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस