तिसऱ्या चिठ्ठीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, शाळेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. हा चौथा खर्डा. मुलगी म्हणते, "आई, बस की गं एका जागी!" बसवत नाही.

१. राहते घर मुलीला. विकायचे तर विकावे. आधी जिना दुरुस्त करावा.

२. माझे पती पाच महिन्यांपूर्वी वारले. ते फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक होते. त्यांच्या सरावाच्या बावीस वह्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षिकेला द्याव्यात. अध्यक्षांना एक पानही देऊ नये. "शिकवून खेळाडू तयार होईपर्यंत आपण म्हातारे होऊ," असे अध्यक्ष म्हणत. झालेच म्हातारे, आणि चषकही नाही.

३. बँकेतील ठेव क्लबला. तिच्यातून फक्त प्रशिक्षक नेमावा, बाहेरचा खेळाडू आणू नये.

४. ही अट घालणारी मी कोण, तेही लिहिते. सात वर्षांपूर्वी क्लबच्या समितीच्या आम्ही पाच जणांनी (अध्यक्ष, बूटवाला दुकानदार, डॉक्टर, हे आणि मी) गुप्त चिठ्ठ्या टाकल्या: ह्यांच्या जोडीला दुसरा प्रशिक्षक नेमायचा, की बाहेरून नावाजलेला खेळाडू आणायचा. तीन विरुद्ध दोन मतांनी खेळाडू आला. अध्यक्ष आणि बूटवाला दुकानदार त्या बाजूचे, हे उघड होते. तिसरे मत डॉक्टरांचे, असे हे धरून चालले. "केसाने गळा कापला त्याने," जेवताना म्हणाले. मी वाढत राहिले.

ते मत माझे होते. वाटले, तयार खेळाडू आले की घडवायचे काम संपेल, हे दुखरा गुडघा घेऊन घरी बसतील. कसले बसतात! "तोफ आणलीय, पण तिचं तोंड गोलकडे कोण वळवणार?" म्हणत मैदानावर तासभर जास्तच थांबू लागले. तोफ हंगाम संपताच दुसऱ्या क्लबात गेली. डॉक्टरांशी, चाळीस वर्षांच्या मित्राशी, धरलेला अबोला ह्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि मी तोंड उघडले नाही.

५. साक्षीदार म्हणून डॉक्टरांनाच बोलावले आहे. त्यांनी कलम चार वाचावे, मगच सही करावी. न केल्यास माझी तक्रार नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. दिनांक: १४ मार्च.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: शेजारीण, शिवणकाम. (सही)

साक्षीदार दुसरा: डॉक्टर. कलम चार वाचले. वहिनी शुद्धीत आहेत. मी माझ्या मित्राला मतदानाच्याच आठवड्यात सांगितले होते, माझे मत तुझ्याच बाजूने होते. तो म्हणाला, "मग काय माझ्या बायकोने दिलं?" ते खरे आहे हे मला तेव्हाच कळले; चपला घालून निघालो. (सही)