बकुळेचे पाहुणे आणि मस्कतचं चीज

उल्हासनगर, कॅम्प ४
मे १९८९

आदरणीय रामभाऊंना शंकरचा सप्रेम जय भीम.

मस्कतच्या उन्हात तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. इथे आम्ही सगळे ठीक आहोत, फ्रीज तेवढा आजारी आहे. तुमची बहीण अंजना रोज तुमची आठवण काढते (रविवारपासून जरा वरच्या पट्टीत काढते, कारण पुढे येईलच).

तुम्ही मित्राबरोबर पाठवलेलं चीज पोचलं. केवढा तो ठोकळा! उशाला घेतला तरी चालला असता. तुमची सूचनाही मिळाली, की लहान तुकडे करा, एकेक नीट गुंडाळा, लागेल तेवढं खाली ठेवा आणि बाकीचं बर्फाच्या कप्प्यात. आता रामभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही राहता परदेशात. तिथे चीज खाण्यासाठी असतं. आमच्या बराकीत पहिला फ्रीज आमचा, त्यात हे फॉरेनचं चीज. त्याच्या पुड्या बांधल्या तर आल्यागेल्याला दाखवायचं काय? म्हणून मी ते अख्खं, उघडं, आतल्या दिव्यासमोर मांडलं. लोक येऊन बघून गेले. शेजारच्या गोजरबाईंनी कपड्याचा साबण समजून कुठल्या दुकानातला म्हणून विचारलं, मग वास घेतला आणि दारापर्यंत मागे सरकल्या. पण दर पाहुण्यामागे दार उघडायचं म्हणजे थंडी टिकेना, आणि चीजला घाम फुटला. कोपऱ्यावरचे सिंधी कापडवाले म्हणाले, "साईं, बरफ में डाल दो. बरफ में कोई चीज खराब नहीं होती." (त्यांना वस्तू म्हणायचं होतं की चीज, ते मी विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी पटलं.)

तेव्हा ठोकळा अख्खाच वर कप्प्यात गेला. शेजारी गोजरबाईंचे बोंबील होते. फ्रीज मिरवायचा म्हटल्यावर लोकांच्या बोंबलांना नाही म्हणता येत नाही.

आणि रविवारी बदलापूरहून बकुळेला बघायला पाहुणे आले. दौलतराव, त्यांच्या मंडळी बनूबाई आणि मुलगा भगवान, अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. आपली बकुळा जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरीला लागल्यापासून तिला एकही मुलगा पसंत पडत नव्हता, त्यामुळे माझा जीव टांगणीला. पोहे तर सगळेच देतात. आपण चीज द्यायचं, असं मी ठरवलं. कप्पा उघडतो तर आत हिमालय! चीज बर्फात गाडलेलं, जागचं हलेना. मी स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हातोडीने ठोकला. अंजना ओरडली, "अहो, गॅसची नळी जाईल!" तेवढ्यात फुस्स झालं आणि फ्रीज गप्प बसला. चीज मात्र सुटलं, बोंबलासकट.

सुरी शिरेना, विळी सरकेना. बाहेर पाहुणे ठोकाठोकी ऐकत बसलेले. शेवटी भगवानच उठून आत आला. "काका, मी बघू का?" म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडून बकुळेबरोबर ठोकळ्याशी झुंजायला बसला. मग ते जरा नरमलं आणि काय सांगू, त्याचा नुसता भुगा झाला. तो बकुळेला म्हणाला, "तव्यावर टाकूया? वितळलं की भाकरीबरोबर बरं लागेल." बकुळा हसली. (बघायला आलेल्या माणसासमोर ती पहिल्यांदाच हसली. मी दारातून पाहिलं.) पण फॉरेनची वस्तू भाकरीवर म्हणजे मला अपमान वाटला. मी थोडा भुगा बशीत घेतला आणि तसाच गार गार दौलतरावांपुढे ठेवला. काय माणूस आहे! शेवटच्या कणापर्यंत खाल्लं आणि डोळ्यांतून पाणी आलं. बनूबाईंनी तर आपला वाटा रुमालात बांधून घरी नेला.

तोवर आत त्या दोघांनी हिरवी मिरची घालून, चीज वितळवून, अख्खी भाकरी संपवली होती. संध्याकाळी बकुळा म्हणाली, "बाबा, हा चालेल." लग्न दिवाळीनंतर विहारात. तुमच्या चीजने सोयरीक जमवली, रामभाऊ! अंजना म्हणते चीजने नाही, पण बायकांना फॉरेनच्या वस्तूची किंमत नसते.

तुमचा,
शंकर

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. निघताना दौलतरावांनी माझे दोन्ही हात धरले आणि हळूच विचारलं, "लग्नातसुद्धा ते चीज असणार का?" मी शब्द दिला, भरपूर असणार! ऐकताच ते चपला हातात घेऊनच निघाले. तेव्हा सुट्टीवर येताना सगळ्या वऱ्हाडाला पुरेल एवढं घेऊन या.

मामा, मी बकुळा. पत्र पोस्टात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून मागच्या बाजूला लिहितेय. चीज अजिबात आणू नका. दौलतकाकांनी ते धास्तीने विचारलं होतं. बाबांचा शब्द ऐकल्यापासून ते घरी म्हणतायत, पोराच्या लग्नाला मी घरूनच जेवून जाईन. तुम्ही आलात की बाबांना एवढंच सांगा, विमानतळावर कस्टमवाल्यांनी सगळं काढून घेतलं. दौलतकाकांना मी ही बातमी आत्ताच देऊन टाकली आहे. ते त्या कस्टमवाल्यांना लग्नाची पत्रिका पाठवायची म्हणतायत.