धरणाचं पेलाभर पाणी

मंगळवार, संध्याकाळ

मातीच्या धरणाच्या पायथ्याशी पुन्हा पाणी झिरपतंय. आपलं घर अगदी खाली. धरणावरचे इंजिनीअर म्हणाले होते, "काका, मातीचं धरण थोडं पाझरणारच. गढूळ आलं तर मात्र आतली माती वाहतेय समजा आणि लगेच फोन करा." म्हणून पेलाभर पाणी आणून ओट्यावर ठेवलं, तळाशी माती बसते का बघायला. बायकोने ते तुळशीला घातलं! मी ओरडलो.

"तुळस गप्प आहे, तुम्हीच ओरडताय," म्हणाली आणि स्वतः जाऊन पेला भरून आणला.

तासाभराने पाहिलं. माती नाही. उद्या धरणाच्या बांधावरची झुडपं काढायला माणसं येणार; मुळांच्या कडेने पाणी वाट काढतं म्हणे. येतील ना? पेला पुन्हा पाहिला. नितळच. वेळ आलीच तर डोंबिवलीला मुलाकडे जायला भरून ठेवलेल्या पिशवीतले कपडे तिने परत कपाटात लावले. मी अडवलं नाही.