जोडीतला उजवा

२ तारीख, सोमवार
दोन महिन्यांनी आज पुन्हा कारखान्यात! फाटकातून शिरताना नवी नोकरी लागल्यासारखं वाटलं. उजवा हात मनगटापासून गेला, म्हणून मला 'हलकं काम' दिलंय: धुऊन आलेल्या हातमोज्यांच्या जोड्या लावायच्या. खोली स्वच्छ, खिडकी मोठी, खुर्चीला चक्क पाठ! पत्रा ठोकायच्या प्रेसवर सहा वर्षं उभा होतो, आता बसून कारभार. डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणारं तरी कोण आहे?

४, बुधवार
डबा घेऊन जुन्या टोळीच्या बाकावर गेलो. सगळ्यांनी सरकून जागा दिली, जरा जास्तच. रिकाम्या बाहीकडे कोणी बघेना. आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते. पण काम झटपट उरकावं म्हणून मुकादम एका बटणात लाकडी खुंटी मारायला लावतो; मग एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवत प्रेसखाली. आम्ही सगळेच मारायचो. उद्यापासून खोलीतच जेवेन.

दुपारी साहेबांनी कागद पुढे केला: 'खुंटी मी माझ्या मनाने मारली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' मी म्हटलं, सही करणारा हात तुमच्याच प्रेसने खाल्लाय. ते हसले नाहीत. डावा अंगठाही देणार नाही म्हणालो. मी गप्प बसलो तर उद्या त्या बाकावरच्या दुसऱ्या कोणाचा तरी हात जाईल.

६, शुक्रवार
ढिगात एक उजवा हातमोजा जास्त निघाला. मनगटाला लाल धाग्याची टीप. माझे मोजे ओळखू यावेत म्हणून ताईने घातलेली. जोडीतला डावा माझ्या कपाटात आहे. उजवा त्या दिवशी हातासकट चिरडला होता. हा मात्र अख्खा आहे. त्यालाही कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं.

९, सोमवार
मोजा पुन्हा ढिगात. बाकीचे धुतलेले, हा ताज्या तेलाने माखलेला. आतून उबदार. मुकादमाला विचारलं, माझ्या प्रेसवर कोण आहे? म्हणाला, कोणीच नाही, बंद आहे. पण भिंतीपलीकडून तिचा ठोका ऐकू येतो. सहा वर्षं ऐकलाय, चुकणार नाही.

ताईला फोन केला. म्हणाली, गेलेला हात दुखतो म्हणतात, मनावर घेऊ नकोस. तो दुखत नाही गं. दमतो. कामाची पाळी संपल्यासारखा.

११, बुधवार
साहेबांनी कागद दाखवला. खाली सही. माझी, उजव्या हाताची, खालच्या वाकड्या रेघेसकट. बाजूला तेलाचा डाग. मी केली नाही. बाकावर जाऊन सांगितलं, तर एकेक जण डबा उचलून उठला. इतकं एकटं हॉस्पिटलातही वाटलं नव्हतं. आता ही वहीच साक्ष. उद्या ताईला पाठवतो.

१२, गुरुवार
दार लावलंय. मोजा टेबलावर — रिकामा नाही. बोटं हलतात. लवकर लिहितो. ताई, खुंटी मुकादमाने मारायला लावली. सगळ्यांना. साहेबांना ठाऊक हो — वहीवर चढला. पेन ओढतोय — ताई, यापुढचं अक्षर सुबक असेल तर ते माझं ना —

खुंटी मी माझ्या मनाने मारली. माझी कोणाविरुद्ध तक्रार ना