हँडल सोडण्याचं इटालियन

३ मार्च, सकाळी ९
नवी वही. आजपासून दोन नियम. रोज लिहायचं आणि कुणावर हात उचलायचा नाही.
आमच्या कारखान्यातलं पत्रा दाबायचं प्रेस इटलीला चाललंय. सूचनांचा कागद इटालियनमध्ये मी करणार. सहा महिन्यांचा कोर्स केलेला अख्ख्या ऑफिसात मी एकटाच. दोन दिवसांत उरकतो.

६ मार्च
सातव्या सूचनेवर अडलोय. 'हँडल रिलीज करा.' इंग्रजीत कैदी सुटला तरी रिलीज आणि सिनेमा लागला तरी रिलीज. इटालियनमध्ये दर वेळी वेगळा शब्द. डिक्शनरी भिंतीवर फेकून मारली. भिंत म्हणजे कुणी नव्हे. नियम शाबूत.

७ मार्च
मेहुणा आमच्याकडेच फिटर आहे. म्हणाला, भावोजी, एकदा प्रेसपाशी येऊन बघा. तिथे नुसता हँडलवरचा हात काढायचाय. खटका काढलात तर वरचा ठोकळा धाडकन खाली येईल.
दहावी नापास माणूस मला शिकवणार. हात सोडायचा शब्द 'रिलाशारे', तोच मी लिहिला होता. पण ठेवला तर त्याचं ऐकल्यासारखं होईल. खोडला. 'झ्ब्लोक्कारे' लिहिलं, म्हणजे खटका काढणे. शब्दाला वजनही आहे.

९ मार्च
मेहुण्याने कॅन्टीनमध्ये चारचौघांत विचारलं, शब्द बदललात का. कॉलर धरून ढकलला. ओठ फुटला त्याचा. टेबलाचा कोपरा मध्ये आला, त्याला मी काय करू. बायको म्हणाली, माझ्या भावाला परत हात लावलात तर मी या घरात राहणार नाही. तीन दिवस बोलणार नाही बहुतेक.
नियम उद्यापासून नव्याने.

१२ मार्च, दुपारी ४
कागदाची चाचणी. आमच्याकडची रीत अशी की लिहिणाऱ्याने अर्थ मोठ्याने वाचायचा आणि फिटरने स्वतःची अक्कल न चालवता तेवढंच करायचं. सहा सूचना सुरळीत. सातवी वाचली, खटका काढा. मेहुण्याचा उजवा हात पत्रा धरून आत. म्हणाला, नाही काढणार. मागे साहेब उभे. मी ओरडलो, कागदावर आहे ते कर. तो हलेना. माझं डोकं सणकलं. पुढचं नीट आठवत नाही. माझा हात खटक्यावर होता हे खरं, पण खटकाही जुना झालाय.
तीन बोटं गेली. रक्त कागदावर उडालं. सातवी ओळ आता वाचता येत नाही.

१३ मार्च
साहेबांनी विचारलं, खटका कुणी काढला. मेहुण्याच्या पाठीआड कुणालाच दिसलं नव्हतं. मी म्हणालो, फिटरने. त्याच्याकडून तसं लेखी आणा म्हणाले. कागद टाइप केला. पोरगा भोळा आहे, सही करेल. माझी नोकरी टिकली तर त्याच्या बहिणीचंच भलं.

१४ मार्च
हॉस्पिटल. कागद दिला. त्याने दोनदा वाचला. शिव्या घालेल वाटलं. घालाव्यात असंही वाटलं. म्हणाला, ताईला कळू देऊ नका, तिचं घर मोडेल. मग बँडेजकडे बघून म्हणाला, भावोजी, सही काही जमणार नाही. डाव्या हाताचा अंगठा चालेल का?
शाईचं पॅड आणतो म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात बसून रडलो. खटका मीच ओढला. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.