जावई, सोंडकिडे आणि माझे टेकू

श्री. व्याहीसाहेबांस,

बागेतल्या पेटीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. आपला खोकला उतरला आणि विहीणबाई आता कुणाचा हात न धरता जिना चढतात, हे वाचून घरात सगळ्यांना बरं वाटलं. इकडे माणसं ठणठणीत आहेत. संत्र्याच्या झाडांची प्रकृती मात्र विचारू नये. आपण लिहिता, रंगाच्या दुकानात माणूस नाही, चिरंजीवांना ताबडतोब परत धाडा. माझी काडीचीही हरकत नाही. (जावयाला 'आता निघा' म्हणायची सासऱ्याला सोय नसते. सासऱ्याने तोंड उघडायचं ते 'अजून थोडं वाढू का' विचारायला. म्हणून आजवर गप्प होतो.)

चार दिवस विश्रांतीला म्हणून आले आणि आल्या दिवशीच बागेत शिरले. पानांच्या कडा कुरतडलेल्या होत्या, कात्रीने नक्षी काढावी तशा. मी म्हटलं, नाकतोडे असतील. औषधवाला म्हणाला, असतीलच, आणि बाटली पुढे केली. (या गृहस्थाला फाटका बूट नेऊन दाखवला तरी तो बाटलीच पुढे करील.) आपल्या चिरंजीवांचं मात्र समाधान होईना. त्यांनी एक पिवळं पडलेलं झाड खणायला लावलं. मुळांची साल पार सोललेली, आणि मातीत पांढऱ्याफटक, बिनपायाच्या, गुबगुबीत अळ्या. मग मला समोर बसवून शिकवणी झाली. हा सोंडकिडा म्हणे. थोरले वर पानं खातात आणि पानांतच अंडी घालतात. पोरं जमिनीत उतरून मुळं खातात. वयात आली की बाहेर पडून खोडावरून वर चढतात. म्हणजे एकत्र कुटुंब झालं. थोरले माडीवर, धाकटे तळघरात, आणि सगळ्यांचं जेवण माझ्याकडे. असंच चाललं तर दोन हंगामांत बागेचं सरपण होईल, हेही जावईबापूंनी सांगितलं, अगदी नम्रपणे. मी पेट्या उचलून हमालीवर ही बाग उभी केली; तिचं सरपण होणार हे नम्रपणे ऐकायलाही जड जातं.

मग उपाय सुरू झाले. भर उन्हात छत्री उलटी धरायची आणि फांदीवर काठी मारायची. किडे छत्रीत टपाटप पडतात आणि पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात. (काम सांगितलं की असंच करणारे दोघे माझ्या पेट्यांच्या शेडमध्ये आहेत, पण त्यांना छत्रीत घेता येत नाही.) शेजारच्या बागेतल्या म्हाताऱ्याने कुंपणावरून हळूच विचारलं, "जावयांचं बरं आहे ना? लग्नाआधी चौकशी केली होतीत?" त्यानंतर एक पुडा आला. त्यात सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जिवंत किडे, जे मातीत जाऊन अळ्यांना मारतात. जन्मभर मी किडे मारायला औषध आणलं. आता किडे विकत आणून, गार राहावेत म्हणून दुधाशेजारी ठेवून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर ओल्या मातीत पाहुण्यांसारखे सोडायचे. आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हापासून त्या फ्रिजमधलं दूध घेतलेलं नाही.

शेवटचा उपाय चिकट पट्ट्यांचा. प्रत्येक खोडाला कापड गुंडाळून वर चिकट लेप लावला, म्हणजे किडा चढताना अडकेल. दिसायला बाग अशी, जणू सगळ्या झाडांचे पाय मुरगळलेत. आणि इतकं करून छत्रीत किडे पूर्वीइतकेच. मला आत कुठेतरी गारवा वाटला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, शिकवणी संपली.

आता माझ्या कानांचं आपल्याला ठाऊक आहे. शाळा मला मिळाली नाही, पण बाजारात दोन दलाल पाठ फिरवून काय कुजबुजतात ते ऐकूनच मी वर आलो. गेल्या आठवड्यात एका दुपारी शेडमागे आडवा झालो होतो. पलीकडे जावईबापू आपल्या सूनबाईंना सांगत होते, "किडे खोडावरून नाही, मामांच्या टेकूंवरून चढताहेत."

फळांनी लवलेल्या फांद्यांना मी बांबूचे टेकू देतो. एकेक टेकू माझ्या हातचा. माझ्या बागेत ओझ्याने फांदी मोडल्याचं कुणी दाखवून द्यावं.

कन्या म्हणाली, "मग सांग ना बाबांना."

"कसं सांगू? सासरे आहेत. त्यांना लागेल गं."

"मी सांगते."

"अजिबात नको. ते झोपले की मी टेकूंनाही पट्टे बांधून टाकतो."

म्हणजे पाहा, व्याहीसाहेब, मी जावयाला बोलू शकत नाही, जावई मला बोलू शकत नाही, आणि या खानदानी अदबीच्या जिन्यावरून किडे आरामात वर जात होते. तेव्हापासून मी दुपारी तासभर जास्त घोरतो. रोजच्या झोपेत एवढे टेकू उरकत नव्हते.

असा हा मुलगा. दुकानात आपल्याला लखलाभ होवो. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
व्याही

ता. क. : कालच्या छत्रीत जेमतेम दोन किडे पडले, आणि पिवळ्या झाडांपैकी काहींना कोवळी पालवी आहे. तरी फळ उतरेपर्यंत चिरंजीवांना बोलावू नये, ही विनंती. तसं पत्र आपण होऊन त्यांनाच लिहावं. मी 'राहा' म्हटलं तर त्यांना वाटेल, माझं त्यांच्यावाचून अडतं.

आणखी ता. क. : फळ उतरल्यावर पुढचा बहार असतोच. त्यांचे जाड बूट आणि उरलेले कपडे पाठवून द्यावेत.

शेवटचं ता. क. : आपल्या दुकानाची अडचण मी विसरलेलो नाही. बदली माणूस म्हणून आमचा थोरला उद्याच्या गाडीने पाठवतो आहे. बोलायला गोड आहे, सावलीत उत्तम टिकतो. परत धाडण्याची घाई करू नये.